शेवटचं कधी खेळलात?

आरोग्य तपासणीला आलेल्या प्रत्येक बाईला मी हा प्रश्न विचारते. बहुतेक जणी हसतात. कुणी सांगते, "शाळेत, लंगडी." नंतर लग्न, मुलं, लोकांची धुणीभांडी. चाळिशीत गुडघे कुरकुरतात, बीपी वाढतो आणि हातात गोळ्यांची पुडी येते.

त्यांना मी लॉन बोल्सची गोष्ट सांगते. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या चौघींनी या खेळात सुवर्णपदक जिंकलं. झारखंड पोलिसातल्या लव्हली चौबे, शिक्षिका पिंकी, आसामच्या वनखात्यातल्या नयनमोनी सैकिया आणि झारखंडच्याच रूपा राणी तिर्की. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवलं. नयनमोनी आधी वेटलिफ्टिंग करायच्या. पायाच्या दुखापतीमुळे ते सुटलं, तेव्हा त्या इकडे वळल्या.

खेळ आपल्या गोट्यांच्या नात्यातला. सपाट हिरवळीवर आधी 'जॅक' नावाचा छोटा चेंडू घरंगळत सोडतात. मग साधारण दीड किलोचे बोल त्याच्या जवळ न्यायचे. बोल पूर्ण गोल नसतो, त्यामुळे वेग मंदावला की तो एका बाजूला वळतो. सरळ नेम धरला की चुकलाच! वाटेत दुसऱ्याचा बोल आडवा असेल तर वळसा घालून जाता येतं, नाहीतर धडक देऊन त्याला हटवता येतं. जॅकसुद्धा सरकवता येतो. शेवटी समोरच्यांच्या सर्वांत जवळच्या बोलापेक्षा आपले जितके बोल जॅकजवळ, तितके गुण. चौघींच्या सामन्यात प्रत्येकीला फेरीला दोन बोल मिळतात.

यात धावायचं नाही, पण चालणं, वाकणं, तोल सांभाळणं आणि डोकं चालवणं आहे. वाकता येत नाही त्यांच्यासाठी बोल सोडायची काठी मिळते. त्याच बर्मिंगहॅममध्ये दृष्टिहीन खेळाडूंच्या गटात मार्गदर्शक म्हणून खेळलेल्या स्कॉटलंडच्या जॉर्ज मिलर यांनी ७५व्या वर्षी सुवर्णपदक घेतलं.

तशी हिरवळ राखायला पैसा लागतो, ती वस्तीत आणा असं मी म्हणत नाही. मी जागा मागते आहे. मैदान पोरांच्या क्रिकेटला असतं, लग्नाच्या मांडवाला असतं. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्याचा एक कोपरा चाळिशीपुढच्या बायकांना द्या. रबरी चेंडू आणि खुणेला एक छोटा चेंडू, एवढं पुरतं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय बायकांनीच काढावा.

परवा एक मावशी म्हणाल्या, "सिस्टर, लोक हसतील ना?"

हसतील, आठवडाभर.