आईसोबत मुलगा का नको?

२०१४ सालची गोष्ट. टेक्सासच्या विल्यमसन काउंटीत बंगाली बोलणाऱ्या एक आई मतदानाला गेल्या. इंग्रजी जेमतेम, म्हणून मुलाला सोबत नेले. आईला मतपत्रिका समजावून सांगणार, असे त्याने सांगताच केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांनी हरकत घेतली. दुभाषी त्याच काउंटीचा नोंदणीकृत मतदार हवा, असा राज्याचा नियम होता आणि मुलाचे नाव शेजारच्या ट्रॅव्हिस काउंटीच्या यादीत होते. मतपत्रिका नीट कळलेली नसताना त्या माउलीने एकटीनेच मत दिले.

हा प्रसंग आपल्या मंडळातल्या कुठल्याही घरी घडू शकतो. वय पंचावन्नच्या पुढे आणि ग्रीन कार्डावर पंधरा वर्षे झालेली असली, की नागरिकत्वासाठी इंग्रजीची परीक्षा माफ होते. अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था यांवरचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीतून सोडवता येतात. अशा रीतीने नागरिक झालेल्या आजींच्या हाती पहिल्याच निवडणुकीत काय पडते? न्यायाधीश, शाळा मंडळ, कर्जरोखे, राज्यघटनेतल्या दुरुस्त्या. सगळे इंग्रजीत, आणि तेही वकिली इंग्रजीत. शिकागोच्या कुक काउंटीत हिंदीतून आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगालीतून मतदानाचे साहित्य मिळते. मराठीची पाळी इतक्यात येईल असे दिसत नाही.

तोवर आधार आहे तो कलम २०८चा. १९६५च्या मतदान हक्क कायद्यात ते १९८२ साली आले. अंधत्व, अपंगत्व किंवा लिहिता-वाचता न येणे यामुळे ज्याला मदत लागते, त्या मतदाराने आपल्या पसंतीचा माणूस सोबत न्यावा. नोकरीवर ठेवणारा मालक, त्याचा प्रतिनिधी आणि कामगार संघटनेचा माणूस एवढेच चालत नाहीत. लेक, सून, नातू, शेजारी, मंडळातला कार्यकर्ता, कुणीही चालतो.

त्या आई गप्प बसल्या नाहीत. आशियाई-अमेरिकन नागरिकांच्या ह्यूस्टनमधील एका संस्थेसोबत त्या न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०१७मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने टेक्सासचा नियम कलम २०८शी विसंगत ठरवला. निकाल ऐकायला त्या हयात नव्हत्या.

आज नेमका हाच न्यायालयाचा रस्ता धोक्यात आहे. एका माणसाने सहापेक्षा जास्त मतदारांना मदत करू नये, असा आर्कान्सा राज्याचा कायदा आहे. त्याविरुद्धच्या दाव्यात आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितले, की कलम २०८च्या आधारे खासगी व्यक्ती वा संस्थेला दावा लावता येत नाही. तो अधिकार केंद्राच्या अ‍ॅटर्नी जनरलचा. आर्कान्सा, मिनेसोटा, मिसुरी, आयोवा, नेब्रास्का आणि दोन्ही डकोटा हा त्या न्यायालयाचा प्रदेश. टेक्सासमधल्या आईंना जो दरवाजा उघडा होता, तो मिनीॲपोलिसच्या आजींना बंद. केंद्रातला अॅटर्नी जनरल राष्ट्राध्यक्ष नेमतात. एका आजींचा हक्क त्या कार्यालयाच्या मर्जीवर सोडणे या मंडळाला मान्य होण्यासारखे नाही. नागरिकांना दावा लावता येईल, असे काँग्रेसने कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावे. मंडळाच्या सभासदांनी हीच मागणी आपापल्या प्रतिनिधींकडे लेखी करावी आणि पत्रावर घरातल्या ज्येष्ठ नागरिकांचीही सही घ्यावी.