पुरुषास क्षमा, स्त्रीस शिक्षा



कादंबरी म्हणजे फावल्या वेळची करमणूक, असे समजणारे पुष्कळ आहेत. परंतु समाज माणसाचा न्याय कोणत्या तराजूने करतो, हे चांगली कादंबरी जितके उघड करून दाखविते, तितके कायद्याचे पुस्तकही दाखवीत नाही. थॉमस हार्डी या इंग्रज लेखकाची १८९१ सालची ‘टेस’ ही कादंबरी याची साक्ष आहे.

टेस ही गरीब घरची मुलगी. घरचा एकुलता घोडा मरतो आणि पोटासाठी तिला एका श्रीमंताच्या घरी चाकरीस जावे लागते. त्या घरचा तरुण मुलगा अ‍ॅलेक तिच्या असहायतेचा फायदा घेतो. तिला मूल होते आणि ते मरते. पाद्री त्या अर्भकाला ख्रिस्ती विधीने मूठमाती देण्यास नकार देतो. दारुडे आणि आत्महत्या केलेले यांच्या शेजारी, दफनभूमीच्या एका टाकाऊ कोपऱ्यात त्याला जागा मिळते. मेलेल्यांतही उच्चनीच पाहणारी ही वृत्ती ओळखण्यास आपणांस विलायतेस जावे लागत नाही!

पुढे एंजल नावाचा सुशिक्षित तरुण टेसशी विवाह करतो. लग्नाच्या रात्री तो आपल्या पूर्वायुष्यातील एका अनैतिक संबंधाची कबुली देतो. टेस त्याला तत्काळ क्षमा करते आणि विश्वासाने आपली कहाणी सांगते. तोच एंजल तिला टाकून परदेशी निघून जातो. त्याने जे केले ते स्वतःच्या इच्छेने. तिच्यावर जे आले ते दुसऱ्याच्या बळजोरीने. तरी तो क्षमेला पात्र आणि ती मात्र त्याज्य! अखेर निराधार झालेली टेस अ‍ॅलेकचा खून करते आणि फासावर जाते.

हार्डीने तिला उपशीर्षकात ‘निर्मळ स्त्री’ म्हटले आणि टीकाकार खवळले. ही कथा साप्ताहिकात छापताना तर तिच्यावरील अत्याचाराचा भागच बदलावा लागला होता. समाज अत्याचार सोसू शकतो. त्याचा उच्चार त्याला सोसत नाही.

याच सुमारास आपल्याकडे हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका यमू. पती मरतो आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते. तिचा अपराध काय? पतीच्या मागे ती जिवंत राहिली, एवढाच! त्याच समाजात विधुराच्या दुसऱ्या लग्नाला कोणी आडवे येत नव्हते.

परंतु सर्वांत अधिक विचार करावा तो एंजलचा. तो दुष्ट नाही. पाद्र्याचा मुलगा असून त्याने बापाची धर्ममते सोडली होती. स्वतंत्र विचाराचा त्याला अभिमान होता. मात्र कसोटीची वेळ आली तेव्हा त्याच्या मुखातून जुनी रूढीच बोलली. मत बदलणे एक आणि घरातला न्याय बदलणे दुसरे. जुन्या पोथ्या दूर सारणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावे.

म्हणून घरातील मुलीला उशीर झाला, नवऱ्याने टाकलेली बहीण माहेरी आली, किंवा विधवा सून पुन्हा लग्नाचा विचार बोलून दाखवू लागली, तर आधी स्वतःस विचारा: हाच प्रसंग मुलाचा असता, तर आपण काय म्हटले असते? उत्तर निराळे येत असेल, तर दोष त्या मुलीत नाही. आपल्या तराजूत आहे.