खुंटीवरचा बिल्ला

अणुभट्टीचा अपघात म्हटले की लोकांना १९८६ सालचे चेर्नोबिल आठवते. मला आठवते ते कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रातले पिण्याच्या पाण्याचे कूलर.

नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील पन्नासहून अधिक कामगारांच्या लघवीत ट्रिटियम हा किरणोत्सर्गी पदार्थ नेहमीपेक्षा जास्त सापडला. शोध घेता घेता तपास त्या कूलरपाशी पोचला. आतल्याच कुणीतरी भट्टीतले ट्रिटियम मिसळलेले जड पाणी त्यात ओतले होते. भट्टी शाबूत, नळ शाबूत. बिघडले होते माणसाचे डोके.

ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचाच भाऊबंद. त्याच्या पाण्याला रंग नाही, वास नाही. पिणाऱ्याला काय कळणार? त्याचा किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला बारा वर्षे लागतात. परंतु शरीर त्याला साध्या पाण्यासारखेच बाहेर टाकते, सुमारे दहा दिवसांत निम्मे निघून जाते. म्हणून उपचारही साधा : भरपूर पाणी आणि लघवी वाढविणारी औषधे.

हे उघडकीस आले ते कोणी आजारी पडले म्हणून नव्हे. ठराविक काळाने लघवी तपासण्याचा नियम होता आणि तो कंटाळा न करता पाळला जात होता, म्हणून.

अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथे १९७९ मध्ये उलट घडले. एक झडप उघडीच अडकली होती. फलकावरच्या दिव्यावरून ती बंद असल्याचा समज झाला आणि भट्टीत पाणी फार झाले असे वाटून कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाणीच कमी केले. भट्टीचा निम्मा गाभा वितळला. माणसे शिकलेली होती हो!

तारापूर उमरीपासून दूर आहे. आपला किरणांशी संबंध येतो तो एक्स-रेच्या खोलीत. तेथे काम करणाऱ्याने छातीवर बिल्ला लावायचा असतो. अंगावर किती किरणे पडली ते त्यावरून मोजतात. तालुक्याच्या गावांत हा बिल्ला मी पुष्कळदा खुंटीला टांगलेला पाहिला आहे. "एवढ्यानं काय होतंय, डॉक्टरसाहेब?" अरे बाबा, त्या बिल्ल्यावर खुंटीची नोंद होते, तुझी नाही! माझे मत असे, की या मोजणीचा आकडा दरवेळी त्या माणसाच्या हातात मराठीत लिहून द्यावा. आकडा स्वतःचा आहे हे कळले, की बिल्ला छातीवर येईल.

आणि वाचकहो, एक्स-रे काढताना उगाच आत थांबू नका. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर बाईने ते आधीच सांगावे.