शिक्षकाचेही वेगळेपण सांभाळा

'तारे जमीं पर' या 2007 सालच्या चित्रपटाने ईशानचा डिस्लेक्सिया घरोघरी पोहोचवला. त्याला हात देणारे निकुंभ सर लहानपणी त्याच त्रासातून गेले होते, हे मात्र कमी लोकांच्या लक्षात राहिले. शाळांचेही असेच झाले आहे. वेगळ्या घडणीचा मेंदू असलेल्या विद्यार्थ्यासाठी परीक्षेत सवलती आल्या; तोच मुलगा मोठा होऊन शिक्षक झाला की त्याला कुणी विचारत नाही. वास्तविक 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत. सरकारी नोकरीत या गटासाठी आरक्षण आहे, आणि कलम 20 नुसार कामाच्या जागी वाजवी सोय करून देणे सरकारी आस्थापनांवर बंधनकारक आहे.

अडचण आहे ती प्रमाणपत्राची. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचे 2018 चे निकष 8, 14 आणि 18 या वयांभोवती बांधलेले होते. बालाघाट जिल्ह्यातल्या रामपायलीसारख्या गावातला आजचा चाळिशीचा शिक्षक शाळेत होता, तेव्हा अशी तपासणी कुठली? अतिचंचलता तर त्या 21 प्रकारांत नाहीच. म्हणून सोय कागदाच्या अटीवर अडता कामा नये. लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: मध्यान्ह भोजनाच्या गोंगाटात दिलेला तोंडी निरोप दोन ओळींत लिहून द्यावा, वेळापत्रक ऐनवेळी बदलू नये, तासांमध्ये थोडी शांत जागा मिळावी. त्यांचा लाभ सगळ्याच शिक्षकांना होईल.

यात मुलांचे नुकसान होईल, असा आक्षेप घेतला जातो. पण शिक्षकाची कसोटी वर्गातील मुलांना काय येते ही असावी, रजिस्टरमधले शुद्धलेखन नव्हे. सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, ही भीतीही टिकत नाही. लेखी सूचनेतून ना रजा वाढते ना पगार. सहकाऱ्यांवर बोजा पडेल हा आक्षेप मात्र खरा आहे, विशेषतः दोन शिक्षकी शाळांत. तिथे कामातून सूट देऊ नये, कामांची अदलाबदल करावी: एकाने नोंदी भराव्यात, दुसऱ्याने त्याचा एखादा तास घ्यावा. ही वाटणी मुख्याध्यापकांच्या मर्जीवर सोडता येणार नाही. कलम 21 समान संधीचे धोरण जाहीर करायला आणि कलम 23 तक्रार निवारण अधिकारी नेमायला सांगते. बालाघाटच्या जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांनी हे धोरण आणि त्या अधिकाऱ्याचे नाव प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लावावे. मदत मागितल्याने नोकरीवर गदा येणार नाही, हे शिक्षकाला लेखी कळेल, तेव्हाच तो बोलायला धजेल.