चाचा कोण, सरखेल कोण?

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या चित्रपटमालिकेतील जॅक स्पॅरो मराठी घरांतील बालगोपाळांनाही ठाऊक आहे. जॉनी डेपने रंगविलेल्या या झोकांड्या खाणाऱ्या कप्तानावर हसण्यात वावगे काही नाही. शिवाय येथे खलनायक आहे ती ईस्ट इंडिया ट्रेडिंग कंपनी!

मात्र २००७ च्या तिसऱ्या भागात चाच्यांच्या सभेत किनऱ्या आवाजाचा 'सुंभाजी अंग्रिया' अवतरतो, आणि मराठी प्रेक्षकाचे हसू ओसरते. कान्होजी आंग्रे यांचे पुत्र संभाजी यांचेच हे विद्रूप केलेले नाव.

कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल. दस्तकाविना जाणारे जहाज ते अडवीत. परवान्यांची हीच सक्ती पोर्तुगीजही करीत. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त स्वारी कुलाब्यापुढे फसली. जो नमेना, त्याला कंपनीने चाचा म्हटले. तोच शिक्का पडद्यावर उमटला.

म्हणून चित्रपटावर रुसण्याचे कारण नाही. तो मुलांसमवेत पाहावा, मनमुराद हसावे आणि पुढील सुट्टीत अलिबागेस जाऊन त्यांना कुलाब्याचा तट दाखवावा. मुंबईतील नौदलाचा तळ 'आयएनएस आंग्रे' हे नाव का मिरवितो, हे तेथे सांगावे. ते सांगणे हॉलिवूडचे नव्हे, घराचे काम आहे.