शांतारामबापूंचे न पाहिलेले चित्रपट

व्ही. शांताराम हे नाव उच्चारताच 'दो आँखें बारह हाथ', 'झनक झनक पायल बाजे', 'नवरंग' आणि 'पिंजरा' ही चार नावे मराठी माणसाला लागोपाठ आठवतात. जरा जाणता प्रेक्षक असेल तर तो 'कुंकू', 'माणूस' आणि 'शेजारी' यांची भर घालतो. यादी येथे संपते. वस्तुतः १९२७ च्या 'नेताजी पालकर'पासून पुढे जवळजवळ सहा दशके हा माणूस चित्रपट घडवीत होता. १९८५ साली त्याला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला आणि ३० ऑक्टोबर १९९० रोजी त्याचे निधन झाले. एवढ्या प्रदीर्घ कारकिर्दीतील सात-आठ चित्रपटच घरोघरी पोहोचावेत आणि बाकीच्यांची रसिकांनी नुसती वाट पाहत बसावे, ही स्थिती चमत्कारिक तर खरीच. पण तिची कारणे शोधू गेल्यास ती केवळ रसिकांच्या उदासीनतेत सापडत नाहीत.

मागे राहिलेले चित्रपट दुय्यम असते तर तक्रारीला जागा नव्हती. परंतु 'अमृतमंथन' पाहा. 'प्रभात' कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली त्यानंतरचा, १९३४ चा हा चित्रपट. बळीची प्रथा बंद करू पाहणारा राजा आणि ती टिकवण्यासाठी कारस्थान रचणारा राजगुरू यांचा हा संघर्ष. राजगुरूची भूमिका मराठीत केशवराव दाते यांनी केली, हिंदीत चंद्रमोहन यांनी. आणि पडदाभर पसरलेला त्या राजगुरूचा डोळा हा भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील एक टप्पाच मानला जातो. पुढच्याच वर्षीच्या 'धर्मात्मा'त साक्षात बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत उभे राहिले. 'महात्मा' हे त्याचे मूळ नाव परकीय सरकारच्या परिनिरीक्षकांना सोसले नाही आणि ते बदलावे लागले. १९३६ च्या 'अमरज्योती'त दुर्गा खोटे चक्क समुद्रावरील लुटारूंची नायिका झाल्या. स्त्रीला न्याय नाकारणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध शस्त्र उचलणारी ती सौदामिनी आजच्या विद्यार्थिनींनी पाहिली तर तिच्यावर तासन् तास वाद झडतील. १९५० चा 'दहेज' हुंड्यावर आहे. पंचाहत्तर वर्षांनंतरही त्या विषयाला उतारवय आलेले नाही, हे वृत्तपत्र वाचणाऱ्यास सांगावयास नको.

या चित्रपटांबाबत प्रेक्षकाच्या हाती येते ती बहुधा कुठून तरी उतरवून घेतलेली, चेहरे पुसट झालेली, संवादांवर खरखर चढलेली प्रत. अर्थशास्त्रात ग्रेशॅमचा नियम प्रसिद्ध आहे: खोटे नाणे खऱ्याला चलनातून हुसकावते. येथे तो निराळ्या रीतीने लागू पडतो. अशी प्रत पाहिलेला तरुण 'जुने चित्रपट असेच असतात' असा ग्रह करून घेतो, आणि चांगली प्रत काढणाऱ्याला मग गिऱ्हाईकच उरत नाही.

बाजार या चित्रपटांकडे का वळत नाही, याचे उत्तर कठीण नाही. जुनी फिल्म स्वच्छ करणे, तुटलेले भाग जोडणे, चित्रचौकट न् चित्रचौकट संगणकावर उतरवणे, ध्वनी सुधारणे हा सारा खर्च पहिल्या प्रतीवर पडतो. दुसऱ्या प्रतीचा खर्च नगण्य. साहजिकच व्यापारी आपला पहिला खर्च जेथे हमखास वसूल होईल असेच नाव निवडतो. 'पिंजरा' २०१६ मध्ये नव्या डिजिटल रूपात पुन्हा चित्रपटगृहांत झळकला, त्यात आश्चर्य नव्हते. 'धर्मात्मा'च्या नशिबी तसा दिवस येण्यासाठी निव्वळ नफ्याचा हिशेब पुरेसा नाही.

मात्र मागणीच नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. १९८० च्या दशकात सीताबर्डी, धरमपेठ, इतवारी येथे व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देणारी दुकाने निघाली, तेव्हा मालक नव्या हिंदी चित्रपटांवर पैसा लावीत. तेही रास्तच होते. पुढे २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीस रुपयांना विकण्यास आरंभ केला. किंमत उतरताच जुन्या चित्रपटांचेही ग्राहक पुढे आले. कारकुनाच्या पगारात बसेल असा घरचा संग्रह प्रथमच शक्य झाला. परंतु ती लाट ओसरली, २०१८ साली कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि तबकडी वाजवणारी यंत्रेही घरांतून हळूहळू नाहीशी झाली. आता मासिक वर्गणीचा जमाना आहे. त्यात ग्राहकाच्या मालकीचे काहीच नसते; या महिन्यात दिसणारा चित्रपट पुढच्या महिन्यात दिसेलच असे नाही आणि ग्रंथालयाला तो कपाटात ठेवता येत नाही. साधन बदलले की जुन्या यादीतील थोडेच पुढे येते आणि बाकीचे मागच्या साधनाबरोबर पडून राहते, असा हा क्रम आहे.

आणि येथे वाट पाहणे निरुपद्रवी नाही. गोदामातील पोलाद दहा वर्षे थांबू शकते. फिल्म थांबत नाही. जुनी नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते, नंतरच्या ॲसिटेट फिल्मला आंबूस वास येऊ लागतो आणि ती आक्रसत जाते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे पूर्वीच्या 'प्रभात'च्याच आवारात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातकालीन मूळ फिल्मींचा मोठा ठेवा भस्मसात झाला. त्यापूर्वीची हानी तर मोजण्यापलीकडची. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' हा मूकपट आज उपलब्ध नाही. कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा, आणि त्यातील तरुण शेतकरी म्हणजे स्वतः शांताराम. ज्या विदर्भाने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दशकांमागून दशके पाहिले, त्याला शंभर वर्षांपूर्वीचे ते चित्र पाहण्याची सोय राहिलेली नाही. 'प्रभात'चे आरंभीचे मूकपटही त्याच वाटेने गेले.

इतर देशांतही बाजाराचे नियम हेच आहेत. पण तेथे काहींनी मार्ग काढला. अमेरिकेतील क्रायटेरियन या संस्थेने २००७ मध्ये 'एक्लिप्स' नावाची मालिका सुरू केली. थोर दिग्दर्शकांचे कमी परिचित चित्रपट साध्या वेष्टनात, टीकाटिप्पणीच्या सजावटीविना, एकत्र संच करून द्यावयाचे. प्रत निर्दोष होईपर्यंत अडून बसावयाचे नाही, पाहण्याजोगी झाली की पुरे. बर्गमनच्या आरंभीच्या चित्रपटांनी मालिका सुरू झाली. ओझूचे मूकपट आणि कुरोसावाचे पहिले चार चित्रपट त्याच वाटेने लोकांच्या घरी पोहोचले. प्रसिद्ध कृतींचा नफा अप्रसिद्ध कृतींच्या पाठीशी उभा करण्याचे हे गणित आहे, आणि ते मराठीत अशक्य ठरावे असे काही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी भाषकांची संख्या आठ कोटींच्या वर आहे. कुरोसावाचे आरंभीचे चित्रपट मागणारे अमेरिकेत तरी असे किती असतील?

आपल्याकडे पैशाचीही अगदीच वानवा नाही. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी सुमारे ५९७ कोटी रुपये मंजूर झाले. त्यांतील ३६३ कोटी चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी असल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी पुण्याचे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. हा पैसा करदात्यांचा, म्हणून नागपूरच्या शिक्षकाचाही आहे. त्यातून सुधारलेली प्रत एखाद्या महोत्सवात मुंबई-गोव्याच्या निमंत्रितांना दाखवून पुन्हा थंड कोठारात जात असेल, तर जतन झाले, उपयोग झाला नाही. जतनाचा खर्च एकदा होऊन गेल्यावर एका जास्तीच्या प्रेक्षकासाठी सरकारला काय पडते? जवळजवळ काहीच नाही. अशा वस्तूला कुलूप लावणे हा कोणत्याही हिशेबाने तोटाच.

कायद्याचीही अडचण समजली जाते तेवढी मोठी नाही. चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. १९६४ वा त्यापूर्वी प्रदर्शित झालेल्या चित्रपटांचा तो संपलेला आहे. कथा आणि गीते यांचे हक्क स्वतंत्र असतात, त्यांचा मोबदला ठरवता येतो. खरी अडचण निराळी आहे. हक्क सर्वांचा झाला तरी फिल्म ज्याच्या ताब्यात आहे, किल्ली त्याच्याच कमरेला राहते. येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे, की दिग्दर्शक-निर्मात्यांच्या वारसांनी अनेक फिल्मी पदरमोड करून सांभाळल्या आहेत. 'सगळे फुकट द्या' ही मागणी त्यांच्यावर अन्याय करणारी ठरेल. प्रत वापरण्याचे वाजवी शुल्क त्यांना मिळावे, ते सरकारने एकरकमी द्यावे आणि नंतर प्रत ग्रंथालयांसाठी खुली व्हावी. पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत असा व्यवहार कोणास वावगा वाटत नाही.

प्रयोगासाठी नागपूरइतके योग्य शहर विरळा. १९५६ पर्यंत हे मराठी-हिंदी द्विभाषी प्रांताच्या राजधानीचे ठिकाण होते आणि आजही येथील मध्यमवर्ग दोन्ही भाषांत सहज वावरतो. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी', 'शेजारी' आणि 'पडोसी' या जोड्या एकामागून एक पाहून भाषेबरोबर अभिनयाचा स्वर कसा बदलतो हे पारखणारा प्रेक्षक येथे मिळेल. पण पुणे येथून सातशे किलोमीटरांहून दूर. रसास्वादाच्या उन्हाळी वर्गासाठी तेथे जाणे एखाद्याला परवडते, दर शनिवारी संग्रहालयातील खेळाला जाणे कोणालाच परवडत नाही. विद्यापीठाचे ग्रंथालय, विदर्भ साहित्य संघ, जिल्हा ग्रंथालय अशा तीन-चार ठिकाणी अधिकृत प्रती ठेवून नाममात्र शुल्कात त्या पाहण्याची सोय झाली, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही की नवे पद निर्माण करावे लागणार नाही.

त्याआधी आणखी एक साधे काम आहे. शांतारामांचा कोणता चित्रपट कोणत्या भाषेत शिल्लक आहे, त्याची किती रिळे आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि त्यांवर काम केव्हा होणार, याची सामान्य वाचकास कळेल अशी मराठी यादी छापून राज्यातील प्रत्येक अनुदानित ग्रंथालयाच्या फलकावर लावावी. आपण कशाची वाट पाहत आहोत आणि कशाची वाट पाहणे आता व्यर्थ आहे, एवढे तरी रसिकाला त्यावरून समजेल.