दुनळीला पॉलिश नको!

शिरूरला थोरल्या मामांकडे पणजोबांची दुनळी बंदूक आहे. निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा करायची, झाली की परत आणायची, एवढाच आता तिचा प्रवास. दौंडचे धाकटे मामा म्हणतात, बफिंग करून ती नव्यासारखी चकाचक करू. माझा याला ठाम विरोध आहे!

मेकॅनिकलवाल्यांनो, जरा ऐका. तिच्या नळ्या दमास्कसच्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून जोडलेल्या. वरची नक्षी कुणी रंगवलेली नाही. दोन धातू वेगवेगळे गंजतात, त्यातून ती उमटते. बफिंग व्हील लागलं की ती गेली, कोरीव अक्षरं पुसट झाली आणि नळीची जाडीही घटली! तो तपकिरी थर मुद्दाम चढवलेला गंजच आहे, तो राहू द्या. पापुद्रे सुटणारा लाल गंज मात्र काढायलाच हवा. तेलात भिजवलेल्या बारीक स्टील वूलने, तेवढ्याच जागी. दस्त्याला जवसाचं तेल पुरे. पणजोबांच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली जागा घासून काय मिळवणार?

बाकी दुरुस्ती लायसन्सवाल्या कारागिराकडेच. 1959 चा शस्त्र कायदा तसं सांगतो, तेव्हा कॉलेजच्या लेथची स्वप्नं नकोत.

धाकट्या मामांचा खरा मुद्दा वेगळाच आहे. उसात बिबट्या फिरतो, बंदूक चालती हवी. पण असल्या नळ्या काळ्या दारूसाठी बनल्या. आजच्या काडतुसाच्या दाबानं फुटल्या तर हात जाईल. आणि बिबट्या मारणं 1972 च्या कायद्यानं गुन्हाच.

"मग काय नुसती शोभेला ठेवायची?"

हो मामा. रिकामी, तेल लावून, कुलपात.